चेटकिणीचे नवे रूप

रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली आणि मराठी मुले चेटकिणीला भिण्याऐवजी हसू लागली. परिचित भयाला विनोदाची जोड देणारी ही नवनिर्मिती आम्हांस मोलाची वाटते. तथापि कुरूप, दुष्ट स्त्री हा तिचा साचा जुनाच राहिला.

बालाघाटसारख्या सीमाभागात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. शेजारच्या छत्तीसगडात ‘टोनही’ ठरवून स्त्रियांचा छळ होई, म्हणून २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. कायदा आरोप करणाऱ्यास शिक्षा देतो. मनातील चेटकीण मात्र गोष्टींतून येते आणि ती बदलणे हे लेखकाचे काम.

हडळीचे उलटे पाय सरळ केल्याने किंवा चेटकिणीला प्रेमळ केल्याने पात्र नवे होत नाही, असे आमचे मत आहे. तिला चेटकीण प्रथम कोणी म्हटले आणि तिच्या शेताचा बांध कोणाच्या शेताला लागून होता, हे विचारणारी कथाच खरी नवी. ती आमच्या भागातील तरुणांनी लिहावी. तीत भय असेलच. ते गावाच्या पारावर बसलेले दिसेल.