चोवीस तासांचे माप, एका तासाचा पूर

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट दिसू लागते : कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर. बऱ्याच शाळांत हे आकडे रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले जातात. ही सवय चांगली आहे. आमची तक्रार सवयीबद्दल नाही. या आकड्याने पाऊस कळला असे जे समाधान आपल्याला वाटते, त्याबद्दल आहे. पाऊस आपल्याला ज्या शब्दांत आणि ज्या मापात सांगितला जातो, त्यांची थोडी झडती येथे घ्यायची आहे.

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांची नोंद सर्वांना पाठ आहे. सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७४ मिलिमीटर. दोन वेधशाळांमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे. त्या दिवशी शहरात चारशेहून अधिक माणसे गेली. असंख्य मुलांनी रात्र शाळेत काढली, आणि कित्येक मुले छातीभर पाण्यातून घरी निघाली होती. यावर शिक्षकांशी बोलताना आम्ही एक प्रश्न विचारतो : हे ९४४ मिलिमीटर किती तासांत पडले? बहुतेक वेळा उत्तर येते, "२४ तासांत." उत्तर चूक म्हणता येत नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. पावसाचा मोठा भाग दुपारी दोन-अडीचनंतरच्या काही तासांत कोसळला आणि त्यातल्या एका तासात सुमारे १९० मिलिमीटर पडला. शहर बुडाले ते या दरामुळे, बेरजेमुळे नव्हे.

पहिली तक्रार : पाठ्यपुस्तकातील वर्गवारी

शालेय भूगोलात पावसाचे तीन प्रकार शिकवले जातात : आरोह, प्रतिरोध आणि आवर्त. प्रतिरोध पावसासाठी सह्याद्री आणि पश्चिम किनारा, तर आरोह पावसासाठी विषुववृत्तीय प्रदेश, अशी उदाहरणे ठरून गेली आहेत. परिणामी अंधेरीच्या विद्यार्थ्याची समजूत होते की आपला पाऊस प्रतिरोध प्रकारचा, आणि दुपारी आकाश काळवंडून गडगडाटाने कोसळणारा पाऊस काँगोच्या खोऱ्यातला.

ही वर्गवारी समजण्याच्या सोयीसाठी आहे. आकाश तिला बांधलेले नाही. २६ जुलैचा पाऊस केवळ प्रतिरोध असता, तर कुलाबा आणि सांताक्रूझ यांत बारापटींहून अधिक फरक का पडावा? दोन्ही ठिकाणी वारा समुद्रावरूनच येत होता आणि सह्याद्रीची भिंत दोन्हींच्या पूर्वेलाच होती. त्या दिवशी मान्सूनच्या प्रवाहातच प्रचंड उंचीचे गर्जनमेघ उपनगरांवर उभे राहिले होते. अशा मेघाचा माथा १२ ते १५ किलोमीटरपर्यंत पोचतो. एक किलो बाष्पाचे पाणी झाले की सुमारे २५ लाख ज्यूल अप्रकट उष्मा मोकळा होतो. त्याने मेघातील हवा अधिक तापते आणि अधिक जोराने वर चढते, तिची जागा घ्यायला खालून नवी दमट हवा ओढली जाते. म्हणजे आरोह पाऊस मान्सूनच्या पोटातही असतो, आणि उपनगरांतले अचानक येणारे मोठे पूर समजून घ्यायचे तर नजर त्याच्यावर हवी.

हेच मेघ उन्हाळ्यात वळवाच्या रूपाने येतात, तेव्हा धोका वेगळा असतो. १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरला छेडानगर येथे पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तेथे घात पावसाने केला नाही. मेघाखालच्या कोरड्या हवेत थेंबांचे बाष्पीभवन होते, हवा थंड व जड होऊन खाली आदळते आणि जमिनीवर सर्व बाजूंनी पसरते. तोच तो सोसाट्याचा वारा. पावसाच्या चौकटीत त्या दिवसाची खरी गोष्ट शोधून सापडणार नाही.

दुसरी तक्रार : 'ढगफुटी' हा शब्द

शब्द मोठा चित्रमय आहे, म्हणूनच तो फसवतो. पाण्याने भरलेली पखाल फाटावी तसा ढग फाटतो, असे चित्र तो मनात उभे करतो. हिशेब करून पाहू. भर पावसाळ्यात मुंबईवरच्या हवेच्या स्तंभातले, जमिनीपासून वरपर्यंतचे, सगळे बाष्प एकदम पाणी होऊन खाली आले, तरी ते साधारण साठ-सत्तर मिलिमीटर भरेल. मग ९४४ मिलिमीटर आले कोठून?

उत्तर एकच : बाजूने. समुद्रावरची दमट हवा सतत त्या जागेकडे वाहत राहिली, वर चढत राहिली आणि पाणी टाकत राहिली. ढग ही पखाल नव्हे, तो चालू असलेला रहाट आहे. तो एका जागी किती वेळ चालतो यावर पूर ठरतो. वारा मेघाला पुढे ढकलून नेईल, तर एक जोरदार सर येऊन जाईल. मेघ एकाच जागी पुन्हा पुन्हा उभे राहिले, तर त्या जागेचे दैवच फिरले.

भारतीय हवामान विभागाची ढगफुटीची व्याख्या अगदी नेमकी आहे : साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. व्याख्येत तास आहे. बोलण्यात मात्र तो गळून जातो आणि नाले तुंबले की कोणत्याही पावसाला ढगफुटी म्हटले जाते. तसे म्हटले की प्रश्न संपतात, कारण ढग फुटल्यावर दोष द्यायचा कोणाला? आमचा या शब्दावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

तिसरी तक्रार : चोवीस तासांची फूटपट्टी

हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार ठरतो. महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी. शेतीसाठी, धरणांसाठी आणि पंचनाम्यांसाठी ही मापे योग्यच आहेत. परंतु १२० मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडला, तर त्याचा दर तासाला ५ मिलिमीटर होतो. छत्री घेऊन शाळेत जाता येते. तोच पाऊस दोन तासांत पडला, तर दर तासाला ६० मिलिमीटर. वर्गवारीत दोन्ही दिवस 'अति मुसळधार'च.

नाल्यांना मात्र हा फरक बरोबर कळतो. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी होती, आणि तेही ओहोटी असताना. ही क्षमता ५० मिलिमीटर करावी असे 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच सुचवले होते. बारा वर्षांनी २६ जुलै उजाडला, तेव्हा बरेचसे काम कागदावरच होते.

वर्गात करण्याजोगे एक गणित देतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर. आता १० चौरस किलोमीटर वस्तीवर तासात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०० कोटी लिटर पाणी झाले. सगळे डांबर आणि सिमेंट आहे, काही मुरत नाही असे धरू. नाल्यांनी तासात २५ मिलिमीटर नेले, तरी ७५ कोटी लिटर मागे राहते. ते सगळीकडे सारखे पसरले असते, तर पाऊल बुडते. पण पाणी सखल जागी जमते. सखल भाग एकूण क्षेत्राचा दहावा हिस्सा असेल, तर तेथे ७५ सेंटिमीटर पाणी होईल. पाचवीतल्या मुलाच्या कमरेशी पाणी येते, आणि तेही एका तासात. अंधेरीचा सबवे पाहता पाहता का भरतो, हे यावरून समजावे.

उपनगरांची रचना हा वेग वाढवते. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या चारही नद्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला किंवा खाडीला मिळतात. डोंगरावर पडलेले पाणी बोरिवलीच्या वस्तीत पोचायला दिवस लागत नाही. त्या वेळी भरती असेल, तर पुढची वाटच बंद. २६ जुलैला दुपारी चारच्या सुमारास सुमारे साडेचार मीटरची भरती होती, म्हणजे नेमकी सर्वांत जोराच्या पावसाच्या वेळी. वळवाच्या पावसात आणखी एक भर पडते. नालेसफाईची मुदत साधारणपणे ३१ मेपर्यंत असते. २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ मे रोजीच आला आणि कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा १९१८ पासूनचा उच्चांक मोडला. आकाश मुदत पाळत नाही.

सुधारणा आणि उणीव

२००५ नंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या दिवशी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाबा आणि वेरावली येथे आहेत. दर १५ मिनिटांनी नोंद देणारी स्वयंचलित पर्जन्यमापके शहरभर बसवली गेली. इर्ला, गझदरबंद येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचे इशारेही देतो. म्हणजे तासाचा पाऊस आता मोजला जातो.

पण तो सांगितला जात नाही. लोकांपर्यंत पोचतो तो जिल्ह्याचा रंग आणि दुसऱ्या दिवशीची २४ तासांची बेरीज. ८ जुलै २०२४ ला रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. सकाळचे सत्र भरवायचे की नाही, हे तेव्हा मुख्याध्यापकांना ठरवायचे होते. त्या पहाटे त्यांच्या उपयोगाचा आकडा एकच होता : आता, आमच्या भागात, तासाला किती?

म्हणून शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. सरळ भिंतीची, सपाट तळाची बरणी गच्चीवर उघड्यावर ठेवा. शेजारी मिलिमीटरची पट्टी लावा. मोठी सर आली की दर १५ मिनिटांनी विद्यार्थ्यांना नोंद घेऊ द्या आणि चाराने गुणून तासाचा दर काढू द्या. मात्र आकाशात गडगडाट असेल, तर गच्चीवर कोणालाही पाठवू नका. बरणी खिडकीतून दिसेल अशी ठेवा. फळ्यावर बेरजेशेजारी सर्वांत मोठा दर आणि भरतीची वेळ लिहा. दर ५० च्या पुढे आहे आणि भरती तासाभरावर आली आहे असे दिसले, तर मुलांना घाईने बाहेर काढण्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्या वर्गात थांबवून ठेवणे शहाणपणाचे.

२६ जुलैला दुपारी ज्यांनी शाळा सोडली, त्यांनी ती मुलांच्या काळजीपोटीच सोडली होती. त्यांच्या हाताशी होता तो आदल्या दिवशीच्या पावसाचा आकडा.