शब्दांवाचून बालपट : कौटुंबिक प्रदर्शनातील काही आंतरराष्ट्रीय लघुपट

बालकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय लघुपटांचे कौटुंबिक प्रदर्शन हा आता अनेक चित्रपट महोत्सवांचा रूढ भाग झाला आहे. तासा-सव्वातासाच्या सत्रात निरनिराळ्या देशांतील काही लघुपट आणि प्रेक्षागृहात पाच वर्षांच्या नातीपासून आजोबांपर्यंत सर्व वयांचे प्रेक्षक, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. आयोजकांपुढील पहिली अडचण भाषेची. उपशीर्षके वाचण्याचा वेग लहान मुलांजवळ नसतो. बर्लिन महोत्सवाच्या १९७८ मध्ये सुरू झालेल्या बालविभागात यावर एक उपाय योजला जातो. चित्रपट चालू असतानाच प्रेक्षागृहात निवेदक जर्मन भाषेतून संवाद वाचून दाखवतो. जेथे अशी सोय नाही तेथे संवादरहित लघुपटांकडे वळणे स्वाभाविक आहे. मात्र या निवडीमागे बहुधा एक गृहीतक दडलेले असते. जे शब्दांवाचून आहे ते सर्वांना सारखेच कळते आणि जे सर्वांना कळते ते निरुपद्रवी असते, हे ते गृहीतक होय. अशा प्रदर्शनास साजेशा चार अभिजात लघुपटांच्या आधारे त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आल्बेर लामोरिस यांचा 'द रेड बलून' (१९५६) सर्वपरिचित आहे. जवळजवळ संवादच नसलेल्या या ३४ मिनिटांच्या चित्रपटास पटकथेचे ऑस्कर मिळाले, हेही नोंदवण्यासारखे. फुगा आणि मुलगा एकाच चौकटीत वावरताना दिसतात, संकलनाच्या युक्तीने फुगा 'जिवंत' केलेला नाही, हे त्याचे बलस्थान समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी फार पूर्वीच दाखवून दिले होते. येथे मुद्दा शेवटाचा आहे. टोळीतील मुले फुगा फोडतात. मग पॅरिसमधील सारे फुगे पास्कालकडे झेपावतात आणि त्याला आकाशात नेतात. मोठ्या माणसांना हा शेवट सुखान्त वाटतो. पण त्या शेकडो फुग्यांत 'तो' फुगा नसतो, आणि ही उणीव प्रथम लक्षात येण्याची शक्यता मुलालाच अधिक.

अब्बास किआरोस्तामी यांचा पहिला चित्रपट 'ब्रेड अँड अॅली' (१९७०) हा या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. इराणमधील बालक व किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी स्थापन झालेल्या 'कानून' या संस्थेसाठी त्यांनी तो केला. रोटी घेऊन घरी निघालेल्या मुलाची वाट गल्लीतला कुत्रा अडवतो. मुलगा थांबतो आणि कोणी मोठे माणूस येण्याची वाट पाहतो. कानाला श्रवणयंत्र लावलेले एक वृद्ध गृहस्थ येतात; मुलगा त्यांच्या पाठीआड चालू लागतो; आणि ते निर्विकारपणे दुसऱ्या गल्लीत वळतात. आपल्या आधाराने कोणी चालत होते हे त्यांच्या गावीही नसते. बालपटातील मोठ्या माणसांचे याहून अचूक चित्रण क्वचितच आढळेल. अखेर मुलगा रोटीचा तुकडा टाकतो आणि कुत्रा त्याच्या मागोमाग दारापर्यंत येतो. येथेच थांबले तर 'प्रेमाने वागावे, मग कुत्राही मित्र होतो' हे तात्पर्य तयार असते, आणि शेजारी बसलेले वडीलधारे ते एव्हाना मुलाच्या कानात कुजबुजलेलेही असतात. चित्रपट मात्र तेथे थांबत नाही. मुलगा आत जातो, दार लागते, कुत्रा दाराशीच बसतो. हातात वाडगा घेतलेला दुसरा मुलगा येतो, कुत्रा त्याच्यावर भुंकतो आणि त्याच्या भेदरलेल्या मुद्रेवर चित्र गोठते. पहिल्या मुलाने शोधलेला उपाय दुसऱ्याच्या कामी येत नाही. त्याला आपली भीती आपणच निस्तरावी लागणार. कुजबुजलेले तात्पर्य अवघ्या मिनिटभरात खोटे ठरते. संवाद नसल्याने जी जागा मोकळी राहते ती कौटुंबिक प्रदर्शनात मोठ्यांच्या बोलण्याने भरली जाते, हा या प्रकारातील खरा धोका आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बर्लिनचा निवेदक निदान चित्रपटात असलेलेच शब्द बोलतो!

सत्यजित राय यांच्या 'टू' (१९६४) या लघुपटाबाबतही हेच घडू शकते. 'एसो वर्ल्ड थिएटर' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेसाठी केलेल्या या चित्रपटात श्रीमंत घरातील मुलगा खिडकीत आणि झोपडीतील मुलगा बाहेर उभा आहे. बासरीला तुतारीने आणि ढोलकीला चावीच्या माकडाने उत्तर मिळते. पुढे पतंग उडताच तो हवाई बंदुकीने पाडला जातो. 'खेळणी वाटून घ्यावीत' हे तात्पर्य येथे लागूच पडत नाही. कारण दोघांच्या मध्ये खिडकी आहे, आणि ती उघडून खाली येण्याचा विचार चित्रपटात कोणाच्याही मनाला शिवत नाही. भारतीय मुलाला, मग तो मुंबईतील असो वा नागपूरमधील, ही खिडकी समजावून सांगावी लागत नाही. अन्य देशांतील मुलास कदाचित ती केवळ दोन खोडकर मुलांची चढाओढ वाटेल. शब्द काढून टाकले म्हणजे समाज निघून जातो असे नव्हे.

नॉर्मन मॅक्लॅरेन यांच्या 'नेबर्स' (१९५२) या आठ मिनिटांच्या कॅनडियन लघुपटाचा इतिहास तर आयोजकांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. माणसांना बाहुल्यांप्रमाणे एकेक चौकट टिपून हलवण्याच्या तंत्राने केलेल्या या चित्रपटात दोन शेजारी एका फुलासाठी भांडतात. प्रारंभी प्रेक्षक हसतात. पुढे दोघेही एकमेकांच्या बायकामुलांवर तुटून पडतात. हा भाग वितरणाच्या काळात कापला गेला आणि व्हिएतनाम युद्धाने लोकमत पालटल्यावर पुन्हा जोडण्यात आला. कापलेली प्रत पाहणाऱ्यास उरते ती दोन मूर्खांची मारामारी. अखंड प्रत पाहणाऱ्यास कळते ते हे की, भांडणाशी ज्यांचा काहीही संबंध नाही अशांनाही त्याची किंमत मोजावी लागते. पाच वर्षांच्या मुलापुढे हा चित्रपट ठेवू नये, हे उघड आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना दाखवायचा असेल तर तो अखंडच दाखवावा. सौम्य प्रत निवडण्यापेक्षा त्या सत्रातून तो वगळणे अधिक प्रामाणिकपणाचे. शेवटी शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा संदेश अनेक भाषांत पडद्यावर उमटतो आणि पालक तोच मोठ्याने वाचून दाखवतात. तोवर मुलाचे मन मागच्या दृश्यातील आई आणि तान्ह्या बाळापाशी अडकलेले असते.