संगणकाच्या कारभाऱ्याची कादंबरी

जीन किम, केव्हिन बेअर आणि जॉर्ज स्पॅफर्ड या तीन अमेरिकन लेखकांनीं मिळून लिहिलेली 'द फीनिक्स प्रोजेक्ट' ही इंग्रजी कादंबरी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. संगणकांचा कारभार पाहणाऱ्या, म्हणजे ज्यांस सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात त्या मंडळींत ती अद्यापि आवडीनें वाचली जाते. वाङ्मयाच्या चर्चेंत मात्र तिचें नांव निघत नाहीं. ही उपेक्षा आम्हांस रास्त वाटत नाहीं. पुण्याजवळ हिंजवडीस बसून समुद्रापलीकडील कंपन्यांचे सर्व्हर रात्र रात्र राखणारे तरुण आज पुष्कळ मराठी घरांतून आहेत. ते नेमकें काय करतात हें त्यांच्या आईबापांस शेजाऱ्यांपाशीं धड सांगतां येत नाहीं, आणि मुलें "कंप्यूटरचें काम" एवढ्यावर विषय मिटवितात. त्या कामाचें आंतून घडविलेलें दर्शन हा या कादंबरीचा पहिला गुण होय.

मोटारींचे सुटे भाग तयार करून विकणाऱ्या एका कल्पित कंपनींत ही कथा घडते. बिल पामर हा मधल्या पायरीवरचा अधिकारी. वरिष्ठांची गच्छंति होतांच त्याला एकाएकीं संगणक-कारभाराचा उपाध्यक्ष नेमण्यांत येतें, आणि त्याच दिवशीं ताशी मजुरीवरील कामगारांच्या पगाराचा हिशेब बिघडतो. दुरुस्तीच्या खटाटोपांत दुसरेंच यंत्र बंद पडतें. आणि अखेर मूळ कारण निघतें तें सुरक्षा-विभागानें कोणास न कळवितां केलेला एक बदल! या धंद्याचें सारें दुर्दैव या पहिल्या कांहीं प्रकरणांत उतरलें आहे. सर्व सुरळीत चाललें तर त्यामागें कोणाचा हात आहे हें कोणास आठवत नाहीं. क्षणभर खोळंबा झाला कीं त्याच हाताकडे बोट दाखविलें जातें. आमच्या घरांतील स्त्रियांस हें निराळें समजावून सांगावयास नको.

पुढें बिल प्रत्येक बदलाची नोंद कार्डावर करवून तीं फळ्यावर लावतो, तेव्हां कामाचा डोंगर प्रथमच डोळ्यांस दिसतो. लेखकांनीं येथें एक साधें गणितही घातलें आहे. मनुष्य शेंकडा ५० वेळ गुंतलेला असतां त्याच्याकडील कामास जर १ तास थांबावें लागत असेल, तर तो शेंकडा ९० गुंतला असतां ९ तास थांबावें लागतें, आणि ९९ गुंतला असतां ९९. गणिती या हिशेबांत खोड काढूं शकेल. परंतु अर्ध्या घटकेच्या कामाला आठवडा कां लागतो, या सर्व कचेऱ्यांतील सनातन प्रश्नाचा इतका सुबोध उलगडा आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

कादंबरी या नात्यानें मात्र पुस्तकांत उणिवा पुष्कळ आहेत. एलियाहू गोल्डरॅट यांच्या 'द गोल' (१९८४) या कारखान्यावरील कादंबरीचा कित्ता यांत उघडउघड गिरविला आहे. एरिक नांवाचा गुरु नायकास कारखान्यांतील उंच सज्जावर उभें करून उपदेश करतो, आणि सारा ही अधिकारी स्त्री इतकी काळी रंगविली आहे कीं तिच्या एखाद्या म्हणण्यांत तथ्य असेल असा संशयही वाचकास येऊं नये. बोध हाच दोष, असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या कादंबरीचा उगमच 'यमुनापर्यटन' (१८५७) सारख्या सहेतुक कृतींत आहे. पण येथें उत्तर आधीं ठरलें आणि माणसें त्याच्या मापानें मागाहून बेतलीं, ही आमची तक्रार आहे.

या बेतलेल्या माणसांतून एकच निसटला आहे, तो ब्रेंट. खरा कारभारी तोच. प्रत्येक बिघाड शेवटीं त्याच्या दाराशीं येतो, कारण यंत्रांचीं गुपितें एकट्याच्या डोक्यांत आहेत. त्यावर बिल फर्मान काढतो कीं, बिघाडाच्या वेळीं ब्रेंटनें कळफलकास हात लावावयाचा नाहीं. त्यानें सांगावें, इतरांनीं करावें आणि लिहून ठेवावें. संस्थेच्या हिताच्या दृष्टीनें हा हुकूम बिनतोड आहे. ब्रेंटची अवेळीं होणारी ओढाताणही त्यामुळें थांबते. तथापि वर्षानुवर्षें ज्या बोटांनीं घर सांवरलें तीं मांडीवर ठेवून दुसऱ्याची चाचपडणारी बोटें पाहत बसतांना त्या मनुष्यास काय वाटलें असेल? आम्हांस वाटतें, या कादंबरीचा गाभा येथेंच होता. पण निवेदन बिलच्या तोंडीं असल्यामुळें त्या मनाचें दार बंदच राहिलें. नायकाची निवड येथें लेखकांस नडली आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्यांच्या चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या, तेव्हांही विद्या एका कुटुंबाच्या कुलपांतून बाहेर आली. तें कार्य थोरच. पण स्वरलिपि पाहून कोणी ऐनवेळीं मैफल सांवरूं लागला नाहीं, आणि गवयाची गरजही सरली नाहीं. ब्रेंटची कृति कागदावर उतरली म्हणजे ब्रेंटपण उतरलें, असें आमचे लेखक जवळजवळ गृहीत धरतात.

म्हणूनच बढतीचा प्रश्न त्यांस सोपा वाटतो. बिल यंत्रांपासून दूर दूर जातो आणि अखेरीस सर्व कंपनीच्या कारभाराचा प्रमुख होण्याची वाट त्याला दाखविण्यांत येते. ब्रेंटला मिळतें तें मनाजोगें काम आणि शांत झोंप. हें कमी नव्हे. पण हातांतील कसबानेंच मोठें होऊं पाहणाऱ्यास दुसरी शिडी आहे कीं नाहीं, याविषयीं पुस्तक मौन धरतें. जीन किम यांनीं २०१९ सालीं 'द युनिकॉर्न प्रोजेक्ट' हा जोडग्रंथ काढला, तेव्हां मध्यवर्ती स्थान मॅक्सिन या आज्ञावली लिहिणाऱ्या स्त्रीस दिलें. तेथें ब्रेंट आहे, परंतु पुन्हां दुसऱ्याच्याच कथेंत.

असें असूनही ही कादंबरी घरांत यावी, असें आम्ही सुचवितों. तिची इंग्रजी भाषा सोपी आहे. पारिभाषिक शब्द अडतील ते रात्रपाळीहून आलेल्या मुलास, त्याची झोंप झाल्यावर, विचारावे. आणि तो सांगूं लागला तर ब्रेंटविषयीं त्याचें काय मत आहे, हेंही विचारावें.