बॅलरॅट येथील शाळकरी शिबिराची पाठचिकित्सा

ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत बॅलरॅट नांवाचें शहर आहे. तेथें 'सॉव्हरिन हिल' हें उघड्यावरचें संग्रहालय १९७० सालीं सुरू झालें. काचेच्या कपाटांत वस्तु मांडण्याऐवजीं येथें १८५१ ते १८६१ या दशकांतील सोनखाणीचें गांवच उभें केलें आहे. प्राथमिक शाळांचीं मुलें तेथें शिबिरास येतात आणि त्यांपैकीं कित्येक दोन दिवस त्या काळचा पोशाख करून त्या काळच्या शाळेंत बसतात. सनदा, महजर व बखरी यांसाठीं राखलेल्या या पानांत असल्या विषयास जागा कशास, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर असें कीं, मूळ संहिता नष्ट झाल्यावर मिळेल त्या साधनांवरून उतरून काढलेली ही एक प्रत आहे, आणि प्रतींचें परीक्षण हा तर आपला नित्याचा उद्योग. मेलबर्नकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंही या शिबिरांस जातात. तेव्हां ही प्रत आपल्याही घरांत पोहोंचली आहे.

प्रथम गुण सांगूं. शिबिरांतील उत्तम भाग म्हणजे शाळा. ती एक नसून चार आहेत: सरकारी मंडळाची 'रेड हिल नॅशनल', इंग्लंडच्या धर्मपंथाची 'सेंट पीटर्स', खाणींवरील कॅथलिकांची 'सेंट अलिपियस' आणि अनाथ व कंगाल पोरांची 'रॅग्ड स्कूल'. एकाच गांवीं, एकाच काळीं, बाप कोण व खिशांत काय यावरून मुलाची शाळा ठरत असे, हें चार शब्दांत सांगून कळत नाहीं. फाटक्या सदऱ्यानें बाकावर बसून कळतें. सरकारी व पंथीय हीं दोन शिक्षणमंडळें १८६२ च्या कायद्यानें एक झालीं आणि १८७२ च्या कायद्यानें शिक्षण मोफत, सक्तीचें व धर्मनिरपेक्ष ठरलें. या कायद्यांमागील निकड ज्या मुलानें चार शाळांतील भेद अंगावर घेतला आहे त्यास अधिक उमजेल. ज्यानें ही योजना आंखली त्यास इतिहास म्हणजे काय हें कळत होतें, यांत आम्हांस शंका नाहीं.

तेथें मुलांस टाक व दौत देऊन अक्षर गिरवावयास लावतात. शाई सांडते, टोंक कागदांत रुततें, एक ओळ पुरी होण्यास जी सबुरी लागते तिची आजच्या मुलास कल्पनाही नसते. आपल्याकडे मोडीचा कित्ता ज्यांनीं गिरवला आहे त्यांस याचें मोल सांगावयास नको. हात दुखल्यावांचून जुन्या कागदांतील वळण वाचतां येत नाहीं. लिहिणारा कोठें थकला, कोठें टाक बुडवला, हें डोळ्यांआधीं हातास कळतें. इतिहाससंशोधकाचें पहिलें शिक्षण हेंच आहे आणि तें येथें दहा-अकरा वर्षांच्या पोरास मिळतें.

आतां दोष. पाठचिकित्सेच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही प्रत संमिश्र आहे. १८५१ सालचे तंबू, पुढील वर्षांतील दुकानें व हॉटेलें आणि वाफेच्या यंत्रांची खोल खाण, हे सर्व पाठ एकाच पानावर, एकाच शाईंत उतरले आहेत. मूल सकाळीं तंबूंतून निघतें आणि दुपारीं यंत्रापाशीं येतें. वस्तुतः या दोहोंमध्यें एक मोठा पालट घडून गेला होता. फावडें व परात घेऊन आलेला स्वतंत्र माणूस भांडवलवाल्या कंपनीचा मजूर झाला. तें अंतर गाळलें कीं चित्र सुरेख दिसतें, पण त्यांतून काळ नाहींसा होतो.

याहून गंभीर दोष ओढ्याचा आहे. तेथें मुलें झारेकऱ्याप्रमाणें परातींत वाळू धुतात आणि त्यांस सोन्याचे कण सांपडतात. हे कण व्यवस्थापकांनीं वाळूंत मिसळलेले असतात. ही गोष्ट कांहीं गुप्त नाहीं. सोनें खरें, पण स्थान खोटें. म्हणजे शुद्ध क्षेपक. दिवाळींत मातीचा किल्ला करणारें आपलें मूल त्यास सिंहगड म्हणतें, पण त्यावर पेरलेल्या अळिवास सह्याद्रीचें रान समजत नाहीं. खेळ खेळ म्हणून चालला तर आमची हरकत नाहीं. परंतु हा क्षेपक मूळ ग्रंथाचा अर्थच फिरवतो, तो कसा तें पाहा.

१८५१ त सरकारनें सोनें खणण्याच्या परवान्यास दरमहा ३० शिलिंग आकार बसवला. १८५३ च्या अखेरीस दर उतरले, तरी सोनें लागो न लागो, भरणा सुटला नाहीं. बॅलरॅटचें उथळ सोनें लवकर सरलें. पुढचें सोनें जुन्या नद्यांच्या गाडल्या गेलेल्या पात्रांत, शंभर फुटांहूनही खोल होतें. तेथवर विवर खणण्यास टोळीला महिनेच्या महिने लागत. तोंवर कवडीची प्राप्ति नाहीं, आणि शेवटीं विवर कोरडें निघण्याची धास्ती. अशा चिखलानें माखलेल्या माणसास शिपायानें वर बोलावून परवाना दाखव म्हणावें, हा जुलूम वाटला तो यामुळें. यांतूनच ३ डिसेंबर १८५४ रोजीं पहांटे युरेकाच्या कोटावर लष्कर चालून गेलें आणि वीसांहून अधिक खाणकरी प्राणांस मुकले. राजद्रोहाचा खटला झालेले तेरा जण पुढें निर्दोष सुटले, आणि १८५५ त वर्षाला एक पौंडाचा 'खाणकऱ्याचा हक्क' आला. ज्या मुलास घटकाभरांत सोनें सांपडलें त्यास हें बंड कसें समजावें? त्याला वाटेल, इतकें सोनें मिळत असतां हे लोक कर कां देईनात? महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम पुण्यास १९१९ त सुरू होऊन १९६६ त संपलें. त्यांत क्षेपक फेंकून दिले नाहींत, तळटीपेंत व परिशिष्टांत ठेवले. ओढ्यासही तशी तळटीप हवी. दहा परातींपैकीं नऊ रित्या निघाव्या आणि दहाव्या मुलाचें सोनें पाहून बाकीच्यांस हेवा वाटावा, एवढी तजवीज पुरे आहे.

त्रुटित भागांविषयीं थोडें. ही भूमि वाडावुरंग लोकांची. सोन्याचा शोध म्हणजे त्यांच्या ओढ्यांचा व शिकारीचा विध्वंस. चिनी लोकांवर १८५५ त व्हिक्टोरियाच्या बंदरांत उतरतांना डोईमागें दहा पौंड कर बसला, म्हणून ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियांत रोब येथें उतरून शेंकडों मैल पायीं खाणींवर आले. मुलांस जीं वेषान्तरें देतात त्यांत शाळेचें पात्र मुख्य असल्यानें ज्यांस शाळाच नव्हती त्यांस या प्रतींत ओळ मिळणें कठीण. हा दोष लेखकाचा नसून रचनेचा आहे, पण दोष आहे.

आमची सूचना साधी आहे. ११ नोव्हेंबर १८५४ रोजीं बेकरी हिलवरील सभेंत 'बॅलरॅट रिफॉर्म लीग'ची सनद मंजूर झाली. प्रौढ पुरुषांस मताधिकार, सभासदांस मालमत्तेची अट नको, परवाने रद्द करा, अशा मागण्या त्या हस्तलिखितांत आहेत. तें व्हिक्टोरियाच्या सरकारी दप्तरखान्यांत जपलें असून २००६ त युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती'च्या ऑस्ट्रेलियन नोंदवहींत समाविष्ट झालें. कित्ता म्हणून नीतिवचनें गिरवण्याऐवजीं मुलानें या कागदाच्या छायाप्रतींतील दोन ओळी उतरून घ्याव्या, कोठें अक्षर लागत नाहीं तें समासांत लिहावें, आणि शेजारच्या मुलाच्या वाचनाशीं ताडून पाहावें. टाक हातांत आहेच, दौत समोर आहेच. अर्धा तास पुरे.