दहा म्हणजे दहाच

नव्या प्रजातीचं शास्त्रीय वर्णन हा लेखनप्रकार आपल्याकडे रसिकतेने कुणी वाचत नाही, याची मला खंत आहे. उपमा नाहीत, विशेषणं मोजकी, क्रियापदं तर जवळजवळ गायबच. 'डोळे नाहीत', 'सोंड धडापेक्षा लांब' अशी वाक्यं एकापाठोपाठ येत राहतात. पण नेटाने वाचत गेलं की एक जीव हळूहळू समोर उभा राहतो. खोल समुद्रातल्या समुद्री कोळ्यांच्या वर्णनांत तर हे विशेष जाणवतं.

'कोलोसेन्डिस मॅसेरिमा' घ्या. अमेरिकेच्या 'ब्लेक' जहाजाने 1880 मध्ये अटलांटिकच्या तळातून उपसून आणलेल्या प्राण्यांवरून एडमंड विल्सनने 1881 मध्ये तिचं वर्णन केलं. पेशीविज्ञानात पुढे मोठं नाव मिळवलेला हा माणूस तेव्हा पंचविशीत होता. या वंशाचं वर्णन वाचताना आधी गोंधळायला होतं, कारण धड दोन ओळींत आटोपतं आणि पाय संपता संपत नाहीत. तीन कॉक्सा, एक फीमर, दोन टिबिया, टार्सस, प्रोपोडस, शेवटी नखी. प्रत्येकाची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि रिवाज म्हणून तिसऱ्याच पायाची. इतका सोस कशासाठी? तर प्राणी राहतोच पायांत. सुतळीच्या गाठीएवढ्या धडात जागा कुठली? आतड्याचे फाटे पायांत उतरतात, अंडाशयही तिथेच, आणि कल्ले-फुफ्फुसं नसल्यामुळे प्राणवायूही बाहेरच्या कवचातूनच आत झिरपतो. हे कळल्यावर तो लांबीचा तक्ता रुक्ष वाटत नाही. तेच त्या प्राण्याचं खरं चित्र असतं.

वर्णनात जे नसतं तेही वाचावं. समुद्री कोळ्यांच्या बहुतेक कुळांत नर अंडी स्वतःच्या अंगावर वागवतो, त्यासाठी त्याला पायांची एक वेगळी बारीक जोडी असते. कोलोसेन्डिसलाही ती जोडी आहे, पण तिच्यावर अंडी कुणाला दिसेनात. वर्णनकारांनी अंदाज बांधून ही जागा भरली नाही, कोरीच ठेवली. या संयमाला मी फार मानतो. शेवटी 2024 मध्ये अंटार्क्टिकातल्या 'कोलोसेन्डिस मेगॅलोनिक्स'बद्दल उलगडा प्रसिद्ध झाला. तिथला पालक, बहुधा बापच, अंडी अंगावर न घेता तळावरच्या खडकाला चिकटवतो.

वर्णनात भावनेला एकच दार उघडं असतं, ते नावाचं. ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. नाव 'इसियस तुकारामी', 26/11 च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या स्मरणार्थ. नावाच्या खुलाशापुरत्या एक-दोन ओळी, मग पुन्हा मापं सुरू. ही आवरती लेखणी मला लांबलचक श्रद्धांजलीपेक्षा भिडते.

पण या साऱ्यांत माझं आवडतं वर्णन जेम्स एट्सचं. तो प्राणी खोल पाण्यातला नव्हे, दक्षिण शेटलंड बेटांच्या किनाऱ्यालगतचा. 1829 मध्ये निघालेल्या अमेरिकन मोहिमेबरोबर एट्स तिकडे गेला. समुद्री कोळ्याला आठ पाय असतात हे तेव्हा सर्वमान्य होतं. एट्सच्या हातातल्या प्राण्याला दहा होते. त्याने दहा मोजले, दहा लिहिले, 'डेकोलोपोडा ऑस्ट्रॅलिस' हे नाव दिलं आणि 1830 च्या दशकात बोस्टनमध्ये वर्णन छापलं. जाणकारांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. जवळजवळ सत्तर वर्षं हा प्राणी कागदावरच राहिला. मग 1902 ते 1904 च्या स्कॉटिश मोहिमेला दक्षिण ऑर्कनी बेटांपाशी तो पुन्हा मिळाला, दहाच्या दहा पायांसकट.

एट्सला दोन पाय गाळणं किती सोपं होतं! नमुना विकृत म्हणायचं, की मिटली कटकट. त्याने ते केलं नाही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या समुद्री कोळ्यांवर 1923 मध्ये लिहिणाऱ्या डब्ल्यू. टी. कॅलमनने दहा वर्षांनी इझाबेला गॉर्डनबरोबर आणखी एक प्रजाती नोंदवली, 'डोडेकोलोपोडा मॉसोनाय'. तिला बारा पाय आहेत.