तयार चित्रे आणि देहधारणा

धर्मग्रामाच्या साध्या पत्रकापासून ईशज्ञानाच्या ग्रंथापर्यंत आपल्याकडे जे जे छापले जाते, त्यातील मजकुराची तपासणी होते. चित्राची होत नाही. एखादे वाक्य विश्वासतत्त्वाला सोडून गेले, तर वाचकांची पत्रे येतात. चित्र मात्र पान भरून काढण्यापुरते असते, अशी आपली समजूत आहे. या समजुतीची परीक्षा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे उचित ठरेल. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणनिधीसाठी आम्ही एक पत्रक काढले होते. त्यावर अनवाणी उभ्या असलेल्या एका बालकाचे छायाचित्र होते. ते आम्ही इंटरनेटवरील एका संग्रहातून विनामूल्य घेतले होते. मिस्सा झाल्यावर भट्टीवरच्याच एका बाईने ते पत्रक निरखून पाहिले आणि विचारले, "फादर, हे लेकरू कुणाचं?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ते मूल कोणत्या देशाचे, हेही आम्हांस ठाऊक नव्हते. जी मुले आमच्या अंगणात खेळत होती, त्यांच्यासाठी मदत मागताना आम्ही भलत्याच कुणाचा तरी चेहरा पुढे केला होता.

तयार चित्रांचा व्यवसाय तसा जुना आहे. ओटो बेटमान हे ज्यू ग्रंथपाल 1935 साली नाझी जर्मनीतून निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर चित्रांनी भरलेल्या ट्रंका होत्या. त्या संग्रहातून 1936 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची प्रसिद्ध संस्था उभी राहिली आणि वृत्तपत्रे तिच्याकडून चित्रे भाड्याने घेऊ लागली. पुढे संगणकाने या व्यवसायाचे रूप पालटले. 2013 साली माँट्रियल येथे सुरू झालेला 'अनस्प्लॅश' हा उपक्रम आरंभी दर दहा दिवसांनी दहा छायाचित्रे कोणालाही विनामूल्य देत असे. 2021 साली तो गेटी इमेजेस या मोठ्या कंपनीने विकत घेतला. आज शोधाच्या चौकटीत एक शब्द लिहिला की क्षणार्धात शेकडो चित्रे समोर येतात.

ही सोय आम्ही कमी लेखीत नाही. ज्या संपादकापाशी चित्रकाराला देण्यास पैसा नाही, त्याला ती वरदानच वाटते. परंतु ही चित्रे कशी घडतात, हे ध्यानी घेतले पाहिजे. छायाचित्रकार आपल्या चित्राला अनेक शब्द जोडून ठेवतो. ते चित्र बँकेला चालावे, रुग्णालयाला चालावे आणि चर्चलाही चालावे, यात त्याचा लाभ असतो. म्हणून दुकानावरची पाटी, गावाची खूण, ऋतूची चाहूल, असे जे जे त्याला एका जागी बांधून ठेवील, ते टाळले जाते आणि एका बाजूला अक्षरांसाठी मोकळी जागा राखली जाते. 'प्रार्थना' या शब्दाला जोडलेले हात मिळतात. 'आशा' या शब्दाला डोंगरमाथ्यावर बाहू पसरून उभी असलेली पाठमोरी आकृती मिळते. हे चित्र शब्दाला उत्तर देते; शास्त्रपाठाला नव्हे. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे.

उदाहरणार्थ, 'मेंढपाळ' हा शब्द घ्या. तेविसाव्या स्तोत्राच्या निरूपणासोबत बहुधा जे चित्र छापले जाते, त्यात क्षितिजापर्यंत ओलसर हिरवळ असते आणि तीत पांढरीशुभ्र मेंढरे विखुरलेली असतात. हा प्रदेश युरोपातला. यहूदियाच्या रानात हिवाळी पावसानंतर थोडेच महिने गवत उगवते. एरवी दगड, धूळ आणि खोल दऱ्या. तेथे कुरण सापडणे आणि पाणी सापडणे हेच मेंढपाळाचे कसब. अंधाऱ्या दरीचा उल्लेख स्तोत्रकर्त्याने अलंकार म्हणून केलेला नाही. कळपाला घेऊन तिच्यातून खरोखरच जावे लागते. सर्वत्र हिरवळ पसरलेल्या चित्रात मेंढपाळाची गरजच उरत नाही. म्हणजे निरूपण सांगते की देव वाट दाखवितो, आणि शेजारचे चित्र सांगते की वाट शोधण्याचे कारणच नाही. हे शास्त्राचे चुकीचे विवरण होय. ते शब्दांत केलेले नाही, एवढाच फरक.

बेळगाव आणि कोल्हापूरकडील वाचकांस धनगर अपरिचित नाही. खांद्यावर घोंगडे, हाती काठी, बरोबर कुत्रा आणि संसार घोड्यावर लादलेला. चाऱ्यापाण्याचा अदमास घेत तो कोसच्या कोस चालतो. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य अथवा पैसे देतो. रात्री जाळीच्या कुंपणात कळप कोंडून धनगर तेथेच उघड्यावर पाठ टेकतो. योहानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढवाड्याच्या दाराचा अर्थ ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने या कुंपणाशी एक रात्र काढावी. युरोपीय कुरणापेक्षा हा माणूस स्तोत्रकर्त्याच्या कितीतरी जवळचा आहे. पण 'मेंढपाळ' या शब्दाला तो सहसा मिळत नाही आणि त्याच्यापर्यंत चालत जाण्याची तसदी आपण घेत नाही.

या प्रश्नाचे मूळ देहधारणेच्या सिद्धान्तात आहे. आठव्या-नवव्या शतकांत प्रतिमाविरोधकांचा एक युक्तिवाद असा होता की, ख्रिस्ताने मानवी स्वभाव सामान्यरूपाने धारण केला. आणि जे सामान्य आहे ते चितारता येत नाही. स्टुडिओस मठाचा संत थिओडोर याने त्यास उत्तर दिले की, सामान्य स्वभाव व्यक्तीवेगळा कोठेच आढळत नाही. ख्रिस्ताला नाव आहे, माता आहे, गाव आहे. म्हणूनच त्याची प्रतिमा काढता येते. 787 साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा आदर मान्य केला, त्यामागेही देव खरोखर देहधारी झाला ही श्रद्धाच होती. ख्रिस्ती चित्रकलेचा आधार विशिष्टतेत आहे. मग कोठलाच नसलेला माणूस आपल्या पत्रिकेवर वारंवार छापून आपण कोणती श्रद्धा प्रकट करतो?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तयार चित्रे पूर्वीही होतीच. वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकाराने 1924 साली आपल्या पंथाच्या मासिकाच्या मुखपृष्ठासाठी ख्रिस्तमुखाचे एक कोळशाचे रेखाचित्र काढले. 1940 साली ते रंगांत उतरले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. आपल्याकडे बडोदे संस्थानासाठी चित्रे काढणाऱ्या राजा रविवर्म्यानेही 1894 साली मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रे घरोघर पोचविली. हे खरे आहे. परंतु ते चित्र एकदा भिंतीवर लागले की त्याच्यापुढे दोन-तीन पिढ्या दिवा लावीत. घरातील जन्ममृत्यू त्याच्यासमोर घडत आणि छापील कागद त्या घराचा होऊन जाई. आजचे चित्र पुढल्या रविवारी बदलते. त्याला कोणाचे होण्यास अवधीच मिळत नाही. सॉलमनच्या भक्तीविषयी आमची तक्रार नाही. एकाच गोऱ्या चेहऱ्यापुढे इतर सारे चेहरे मागे पडले, ही तक्रार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. येशू नाझरेथचा यहुदी होता. मग त्याला भारतीय वेषात दाखविणे तरी खरे कसे? येथे आंजेलो द फोन्सेका यांचे स्मरण होते. 1902 साली गोव्यात जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला. साडी नेसलेली मरिया चितारली म्हणून त्याला स्वकीयांचा रोष पत्करावा लागला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्याने पुष्कळ काम केले. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. फोन्सेकांनी इतिहासाचा पुरावा सादर केल्याचा दावा केलेला नाही. एका विशिष्ट भूमीतील विशिष्ट माणसाने दिलेली ती साक्ष आहे आणि तिच्याखाली त्याची सही आहे. तिच्याशी वाद घालता येतो. निनावी चित्राशी तोही घालता येत नाही. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले आहेच. मात्र ही मुभा घेताना येशूचे यहुदीपण पुसले जाणार नाही, याची जबाबदारी निरूपणकाराने उचलली पाहिजे.

व्यवहाराचीही एक बाजू आहे. संगणकावर दिसले म्हणून चित्र आपले होत नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो. फोन्सेका 1967 साली वारले. तेव्हा त्यांच्या चित्रांवरील हक्क 2027 च्या अखेरपर्यंत आहे आणि तोवर छापण्यापूर्वी परवानगी मागणे प्राप्त आहे. 'चोरी करू नको' या आज्ञेवरील प्रवचनाला उचललेले चित्र जोडणे शोभत नाही. ज्यांना जुनी ख्रिस्ती चित्रे हवी आहेत, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 साली आपल्या हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे सर्वांस खुली केली आहेत. तेथे निदान चित्राखाली चित्रकाराचे नाव, साल आणि ठिकाण सापडते.

आमची सूचना थोडक्यात अशी. चित्र निवडण्यापूर्वी संपादकाने तीन प्रश्न विचारावेत: हे कोणाचे? हे कोठले? शास्त्रपाठ जे म्हणतो, तेच हे म्हणते का? उत्तर मिळाले नाही, तर जागा कोरी सोडावी. कोरी जागा खोटे बोलत नाही.

त्या शिक्षणनिधीचे पुढचे पत्रक आम्ही भट्टीवरच्या मुलांनीच काढलेल्या चित्रांनी सजविले. घर म्हणून बहुतेकांनी विटांची रास काढली होती. आईबापांच्या संमतीने प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव छापले. या खेपेस त्या बाईने काही विचारले नाही. तिने एक प्रत मागून घेतली.