एका फायलीत मावलेले लिनक्स

शाळेच्या संगणकावर विंडोज राहू द्यावे आणि त्याच्या शेजारी लिनक्सही असावे, असे पुष्कळ शिक्षकांना वाटते. गाडी अडते ती एका भीतीपाशी. हार्ड डिस्कचे भाग पाडताना निकालपत्रके, प्रश्नपत्रिका, सगळेच पुसले गेले तर? या भीतीवर एप्रिल २००८ मध्ये उबुंटूच्या ८.०४ या आवृत्तीबरोबर एक तोडगा आला. त्याचे नाव वुबी. २०१३ मधल्या १३.०४ या आवृत्तीत तो वगळला गेला. तरीही त्याचे परीक्षण करण्याजोगे आहे, कारण ‘सोपी स्थापना’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याने नीट उभा केला.

वुबीची युक्ती अशी होती. डिस्कचे भाग पाडायचेच नाहीत. विंडोजच्या डिस्कवर ‘रूट.डिस्क’ नावाची एक भलीमोठी फाईल तयार करायची आणि हीच तुझी डिस्क, असे लिनक्सला सांगायचे. संगणक सुरू होताना यादीत एक नाव वाढे. ते निवडले की लिनक्स थेट यंत्रावर चाले. विंडोज तेव्हा चालूच नसे. कंटाळा आला तर इतर प्रोग्रॅमप्रमाणेच कंट्रोल पॅनेलमधून काढून टाकायचे. डिस्क होती तशी!

आता याची किंमत पाहू. मोठ्या कपाटात एक पेटी आणि पेटीत आपल्या वस्तू, असा हा मामला. लिनक्समध्ये लिहिलेले प्रत्येक अक्षर आधी पेटीच्या आणि मग कपाटाच्या व्यवस्थेतून जाई. त्यामुळे डिस्कचे काम थोडे मंदावे. हे सोसण्यासारखे होते. पण लिहिता लिहिता वीज गेली तर धोका दोन्ही थरांत. पुढे विंडोजचा चेकडिस्क कपाट आवरायला येई आणि कधी कधी ती पेटीच उचलून भलत्या फोल्डरमध्ये टाकी. लिनक्सला मग आपली डिस्क सापडतच नसे. २००८ साली ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचे होते. यूपीएस नसलेल्या शाळेत वुबी वापरणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांना करता येईल. निर्मात्यांनी माहितीपुस्तिकेत हे लपवले नव्हते. स्थापनेच्या खिडकीत मात्र जागा, भाषा, नाव, परवलीचा शब्द एवढेच विचारले जाई. पुस्तिका कोण वाचतो?

एवढे दोष असूनही आमचे माप वुबीच्या बाजूने झुकते, ते परतीच्या वाटेमुळे. नेहमीच्या स्थापनेत ‘शेजारी बसवा’ हा पर्यायही दोन-चार क्लिकचाच असतो. पण जुन्या बायोसच्या यंत्रांवर पुढे कुणी लिनक्सचा भाग पुसला, की संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या फायली त्याबरोबर जात आणि विंडोजही उघडेनासे होई. नव्या यूईएफआय यंत्रांवर हे संकट बरेच कमी झाले आहे. वुबीला मात्र हीच यंत्रे मानवली नाहीत.

हा विषय आज पुन्हा निघायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि टीपीएम २.० सारख्या अटींमुळे अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ ला चालत नाहीत. (अशा यंत्रावर मुळात शेजार हवाच कशाला, हेही विचारून पाहावे.) शेजारच हवा असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे, डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, प्रिंटर, देवनागरी टंकलेखन तपासावे. मग फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवावी आणि विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. नाहीतर विंडोज पुरते बंद न होता अर्धवट झोपी जाते आणि त्याच्या डिस्कवर लिनक्सने लिहिणे धोक्याचे ठरते.

स्थापनेचे पडदे आता देखणे झाले आहेत. ‘शेजारी बसवा’ या बटणाजवळ ‘पूर्वीसारखे करा’ असे बटण मात्र अजून आलेले नाही.